डिजिटल वहीतलं हस्ताक्षर टाइप केलेल्या मजकुरात कसं बदलायचं? (आणि बदलल्यावर काय तपासायचं?)

टॅबलेटवर पेनने लिहायचं, नंतर एक बटण दाबायचं आणि आपलं वेडंवाकडं अक्षर सुबक टाइप केलेल्या मजकुरात बदलून घ्यायचं. ही सोय आता जवळपास प्रत्येक नोट्स ॲपमध्ये मिळते. वननोट, सॅमसंग नोट्स, ॲपल नोट्स, गुडनोट्स, नेबो, कुठलंही घ्या. मी स्वतः गेली काही वर्षं मीटिंगच्या, लेक्चरच्या आणि घरच्या नोट्स अशाच काढतो. वेळ वाचतो यात शंकाच नाही.

पण या सोयीने एकदा मला चांगलाच घाम फोडला होता. तो प्रसंग आधी सांगतो. त्यातून जे शिकलो, तेच या लेखाचं सार आहे.

एका टिंबाची गोष्ट

माझ्या वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. त्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. या गोळीचं माप फार नाजूक असतं. थोडी जास्त झाली तर रक्तस्रावाची भीती, कमी पडली तर गुठळी होण्याची भीती. म्हणून ठरावीक दिवसांनी आयएनआर ही रक्ततपासणी करून डॉक्टर डोस कमीजास्त करतात.

मागे एकदा बाबांना पुण्यात डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर बोलत होते आणि मी टॅबलेटवर भराभर लिहून घेत होतो. बाहेर आल्यावर नोट निवडली, टेक्स्टमध्ये बदलली आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. बाबा साताऱ्याला दादाकडे राहतात आणि गोळ्यांचं सगळं वहिनी बघते.

रात्री वहिनीचा फोन आला. "भाऊजी, पंचवीस मिलिग्रॅम कसं असेल हो? गोळीच पाचाची आहे. एकदम पाच द्यायच्या का?"

मी लिहिलं होतं २.५, म्हणजे अर्धी गोळी. मधलं टिंब बदलताना गळालं आणि २.५ चे २५ झाले. वहिनीने विचारलं म्हणून निभावलं.

खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, चूकच ती. त्याच नोटमध्ये 'चार दिवसांनी रक्त तपासणे' असंही होतं. तिथे चाराचा आठ झाला होता. पंचवीस मिलिग्रॅम ऐकून वहिनी चमकली, पण 'आठ दिवसांनी तपासणी' यात कुणाला काय खटकणार? सहाव्या दिवशी दुसरंच काही शोधताना मी मूळ हस्ताक्षरातलं पान उघडलं, तेव्हा तो ४ दिसला. त्याच दिवशी तपासणी केली. आकडा हवा त्यापेक्षा खाली गेला होता. डॉक्टरांनी फोनवरच डोस बदलून दिला.

मूळ पान डिलीट केलं असतं तर हे कळलंच नसतं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: हस्ताक्षर ही मूळ प्रत, टाइप केलेला मजकूर ही नक्कल. सॉफ्टवेअर आपलं अक्षर 'बदलत' नाही, ते वाचतं. आणि वाचणारा चुकू शकतो.

आता हे वाचन होतं कसं ते पाहू. ते एकदा कळलं की चुका कुठे होणार याचा अंदाज आपोआप येतो.

सॉफ्टवेअर आपलं अक्षर कसं वाचतं?

हस्ताक्षर ओळखण्याचे दोन प्रकार आहेत. तांत्रिक भाषेत त्यांना ऑनलाइन आणि ऑफलाइन म्हणतात. इंटरनेट चालू आहे की बंद, याच्याशी या नावांचा काही संबंध नाही.

ऑनलाइन ओळख म्हणजे तुम्ही स्क्रीनवर पेन टेकवल्यापासून उचलेपर्यंतची प्रत्येक हालचाल नोंदवली जाते. पेन कुठून निघालं, कुठे वळलं, कधी उचललं, काही साधनांवर किती जोर दिला हेसुद्धा. म्हणजे ॲपकडे अक्षराचं नुसतं चित्र नसतं, ते कसं काढलं गेलं त्याचा क्रमही असतो. या नोंदीला डिजिटल इंक म्हणतात.

ऑफलाइन ओळख म्हणजे कागदावरच्या लिखाणाचा फोटो किंवा स्कॅन. इथे फक्त काळे-पांढरे ठिपके असतात. पेन कुठून कुठे गेलं ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे हे काम जास्त अवघड. टॅबलेटवर लिहिलेलं पान तुम्ही इमेज म्हणून सेव्ह केलंत, तर पेनच्या हालचालींची नोंद त्यात उरत नाही आणि तेही फोटोच्याच पंक्तीला जाऊन बसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हालचालींवरून प्रोग्राम शक्यता मांडतो: हा 'घ' असावा, 'ध'ही असू शकेल. मग भाषेच्या माहितीची मदत घेतली जाते. या भाषेत कोणते शब्द आहेत, कोणत्या शब्दानंतर कोणता येतो यावरून सगळ्यात जुळणारा पर्याय निवडला जातो. 'औषध' हा शब्द तुम्ही कितीही घाईत खरडा, शेजारी 'गोळी' असेल तर तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

आता उलट बाजू बघा. आडनावं, गावांची नावं, औषधांची नावं, फोन नंबर, रकमा, तारखा यांच्या बाबतीत भाषेची मदत जवळजवळ शून्य. २.५ नंतर काय यावं आणि २५ नंतर काय यावं, हे कुठला शब्दकोश सांगणार? म्हणजे जिथे अचूकपणा सगळ्यात महत्त्वाचा, नेमकी तिथेच यंत्राची बाजू लंगडी.

दुसरी अडचण आपल्या डोळ्यांची. हस्ताक्षरात एखादा आकडा गिचमिड असेल तर तो गिचमिड दिसतो आणि आपण दोनदा बघतो. टाइप झाल्यावर चुकीचा आकडाही बरोबर आकड्याइतकाच स्वच्छ दिसतो. शंका घ्यायला जागाच राहत नाही.

जरा इतिहास

१९९३ साली ॲपलने न्यूटन हे हातात मावणारं उपकरण आणलं. त्यावर पेनने लिहिलेलं ओळखलं जाईल असा दावा होता, पण सुरुवातीला ते इतकं चुकायचं की चेष्टेचा विषय झालं. १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने उलटा रस्ता धरला. यंत्राने माणसाचं अक्षर शिकण्याऐवजी माणसानेच ग्राफिटी नावाची सोपी, ठरीव अक्षरं शिकायची! लोकांनी ती शिकलीही. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची टॅबलेट पीसी आवृत्ती आणली आणि पुढच्या वर्षी वननोट. अलीकडची मोठी उडी न्यूरल नेटवर्कमुळे आली. गूगलने २०१९ मध्ये जीबोर्डमधली हस्ताक्षर ओळख या पद्धतीवर नेली, तेव्हा चुका बऱ्याच कमी झाल्याचं सांगितलं होतं.

देवनागरी इतकी अवघड का?

इंग्रजीत उत्तम चालणारं ॲप मराठीत अडखळतं, यामागे नुसता कंपन्यांचा आळस नाही. लिपीचीही काही कारणं आहेत.

१. शिरोरेखा. आपण आधी शब्द लिहितो आणि शेवटी वरून रेघ ओढतो. म्हणजे पाच अक्षरांचा एक भाग सगळ्यात शेवटी येतो. शिवाय घाईत बरेच जण ती ओढतच नाहीत. पण 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतला फरक ओळखायला शिरोरेखेचा मोठा आधार असतो. 'घ'वर ती अखंड असते, 'ध'वर तुटलेली. रेघच नसेल तर 'धन' की 'घन', हे माणसालाही संदर्भावरूनच ओळखावं लागतं.

२. लिहिण्याचा आणि साठवण्याचा क्रम. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे येते, पण संगणकात आधी 'क' आणि नंतर वेलांटी साठवली जाते. 'धर्म'मधला रफार आपण 'म'च्या डोक्यावर शेवटी देतो, पण साठवताना 'र' आधी येतो. हाताचा क्रम आणि युनिकोडचा क्रम यांची सांगड प्रोग्रामला घालावी लागते.

३. जोडाक्षरं. 'क्ष', 'त्र', 'द्य', 'ष्ट्य' अशी जोडाक्षरं शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाची लिहायची पद्धत निराळी.

४. खास मराठी अक्षरं. 'ळ', 'ॲ', आणि 'वऱ्हाड'मधला 'ऱ्ह'. हिंदीच्या सेटिंगवर मराठी लिहिलंत तर इथे घोटाळा होऊ शकतो. 'काळ'चा 'काल' झाला तर व्याकरण तपासणाऱ्यालाही पत्ता लागणार नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. तसंच 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा'. एकात गुरुजी येतील, दुसऱ्यात स्वयंपाकी! या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाही २००८ मध्येच मिळाली, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये तो अजूनही मोडका दिसतो.

५. आकड्यांची सरमिसळ. माझी चूक इथली होती. डॉक्टरांकडच्या नोट्स मी इंग्रजीत लिहितो, पण मराठी शाळेत शिकल्यामुळे काही आकडे हातून मराठीच उमटतात. मराठी ४ आणि इंग्रजी आठ अगदी सख्खे भाऊ. मराठी १ आणि इंग्रजी नऊ तसेच. ॲप इंग्रजीवर असेल तर ते माझ्या चाराला आठच म्हणणार. त्याचा काय दोष?

तुमचं ॲप मराठी खरंच ओळखतं का? सहा शब्दांची चाचणी

ॲपच्या जाहिरातीत अमुक इतक्या भाषा असं लिहिलेलं असतं. पण मेनू मराठीत दिसणं, मराठी कीबोर्ड चालणं आणि मराठी हस्ताक्षर ओळखणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून आधी सेटिंगमध्ये हस्ताक्षराच्या भाषांची यादी बघा. हिंदी असते म्हणून मराठीही असेल असं गृहीत धरू नका. यादीत मराठी असेल तर हे सहा शब्द नेहमीच्या अक्षरात लिहा आणि बदला:

बाळ, ॲसिड, वऱ्हाड, निर्णय, घन, धन

'बाळ'चा 'बाल' झाला, तर ॲपच्या मराठीत काहीतरी पाणी मुरतंय. 'ॲसिड' आणि 'वऱ्हाड' बरोबर आले तर मराठीचा नीट विचार केलाय असं समजा. 'निर्णय'मध्ये वेलांटी आणि रफार दोन्ही तपासले जातात. 'घन' आणि 'धन' शिरोरेखेसह आणि शिरोरेखेशिवाय असे दोनदा लिहून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

कोणत्या ॲपमध्ये कसं करायचं?

आवृत्तीनुसार बटणांच्या जागा थोड्या इकडेतिकडे होतात, पण मूळ पद्धत तीच राहते.

वननोट (विंडोज)

१. आधी पानाची एक प्रत करून ठेवा. पानाच्या नावावर राइट क्लिक, कॉपी, आणि त्याच विभागात पेस्ट. हे अशासाठी की इथे बदललेला मजकूर हस्ताक्षराच्या जागीच येऊन बसतो.
२. वरच्या ड्रॉ टॅबमध्ये जा.
३. लॅसो सिलेक्ट घेऊन हव्या त्या मजकुराभोवती वेढा काढा.
४. इंक टू टेक्स्ट दाबा.
५. काही बिघडलं तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, हस्ताक्षर परत येतं.

पानावर आकृत्या असतील तर त्या लॅसोमध्ये घेऊ नका. बाण आणि चौकोनांची अक्षरं झाली की नोट ओळखू येत नाही. गणितासाठी त्याच टॅबमध्ये इंक टू मॅथ हा वेगळा पर्याय आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. वननोट ओळखू शकतं त्या भाषेतलं हस्ताक्षर न बदलताही शोधता येतं. सर्च बॉक्समध्ये शब्द टाइप केला की हाताने लिहिलेल्या पानांतूनही तो सापडतो. नोट फक्त पुढे कधीतरी सापडावी एवढंच हवं असेल, तर बदलायची गरजच नाही.

सॅमसंग नोट्स

एस पेनने लिहिलेला मजकूर निवड-साधनाने वेढून घ्या आणि टेक्स्टमध्ये बदलण्याचा पर्याय निवडा. ओळखीची भाषा आधी डाउनलोड करावी लागते. ती चुकीची असेल तर निकाल अगम्य येतो आणि आपल्याला वाटतं ॲपच वाईट आहे. तेव्हा भाषा आधी बघा. शक्य असेल तिथे मूळ लिखाण बदलण्याऐवजी मजकूर कॉपी करून दुसऱ्या नोटमध्ये पेस्ट करा.

ॲपल नोट्स (आयपॅड)

पेन्सिलने लिहिलेला मजकूर शब्दावर बोट दाबून निवडा आणि 'कॉपी ॲज टेक्स्ट' म्हणा. मग हवं तिथे पेस्ट करा. यातली मला आवडणारी गोष्ट ही की मूळ हस्ताक्षर जागेवरच राहतं.

स्क्रिबल नावाची सोय वेगळी आहे. ती २०२० मध्ये आयपॅडओएस १४ बरोबर आली. त्यात कुठल्याही टेक्स्ट बॉक्समध्ये पेन्सिलने लिहिलं की लगेच टाइप केलेलं उमटतं. मेसेजला उत्तर द्यायला झकास, पण यात हस्ताक्षर मागे उरत नाही. महत्त्वाच्या नोट्स स्क्रिबलने काढू नका.

गुडनोट्स आणि नेबो

गुडनोट्समध्ये लॅसोने निवडून कन्व्हर्टचा पर्याय घ्यायचा. नेबोमध्ये परिच्छेदावर दोनदा टॅप केलं की तो बदलतो. नेबो बनवणारी मायस्क्रिप्ट ही फ्रान्समधली कंपनी मुळात हस्ताक्षर ओळखण्याचंच तंत्रज्ञान करते, त्यामुळे इंग्रजीत याचा निकाल चांगला लागतो. दोन्हीकडे भाषा आधी निवडावी लागते.

जीबोर्ड (अँड्रॉइडवर मराठीसाठी)

मराठी लिहिणाऱ्यांसाठी सगळ्यात हाताशी असलेला रस्ता हा. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा, मग कीबोर्ड जोडा, मराठी आणि त्यात हस्तलेखन निवडा. आता कीबोर्डच्या जागी एक कोरी पाटी येते. त्यावर बोटाने किंवा पेनने लिहायचं आणि मजकूर वरच्या चौकटीत उमटत जातो. कुठल्याही नोट्स ॲपमध्ये हे चालतं.

मर्यादा एकच. हे लिहिता लिहिता चालतं. आधी लिहून ठेवलेली पानं यातून बदलता येत नाहीत.

जुन्या मराठी नोट्सचं काय करायचं?

समजा तुमच्याकडे टॅबलेटवर लिहिलेली मराठी पानं आहेत आणि तुमचं ॲप मराठी ओळखत नाही. दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, पान पीडीएफ किंवा इमेज म्हणून सेव्ह करून गूगल ड्राइव्हवर टाका. तिथे फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्स निवडा. वर चित्र आणि खाली त्यातून काढलेला मजकूर अशी फाइल उघडते. छापील मराठीसाठी ही पद्धत छान आहे. हस्ताक्षरासाठी मात्र आशा मर्यादित ठेवा, कारण मघाशी सांगितल्याप्रमाणे इमेज केली की पेनच्या हालचाली हरवतात आणि उरतं फक्त चित्र.

दुसरा मार्ग अगदी साधा आहे, आणि मराठीसाठी मी तोच जास्त वापरतो: नोट समोर ठेवा आणि मोठ्याने वाचा! गूगलचं व्हॉइस टायपिंग मराठीत २०१७ पासून आहे. फोनवर मराठी कीबोर्ड लावून माइकचं बटण दाबायचं आणि वाचत जायचं. गिचमिड अक्षर तुम्ही स्वतः वाचणार, कारण ते तुमचंच आहे. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, पण एक पान काही मिनिटांत होतं. शिवाय वाचताना जुनी नोट पुन्हा डोक्यात जाते, हा फायदा वेगळाच.

अक्षर नीट ओळखलं जावं म्हणून लिहितानाच काय करावं?

• पानावर रेघा चालू करा. ओळ तिरकी गेली की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीची मात्रा समजला जातो.
• दोन शब्दांत स्पष्ट जागा सोडा. 'ख' आणि 'रव' यांचा घोळ मराठी माणसाला नवा नाही. जागा नीट सोडली की तो कमी होतो.
• शिरोरेखा ओढा. निदान 'घ', 'ध', 'म', 'भ' असलेल्या शब्दांवर तरी.
• एका नोटमध्ये शक्यतो एकच भाषा ठेवा. मराठी वाक्यात इंग्रजी शब्द येणारच, पण तो देवनागरीत लिहा. 'बीपी', 'रिपोर्ट', 'डेडलाइन' असं.
• आकडे एकाच पद्धतीचे लिहा. मराठी तर सगळे मराठी, इंग्रजी तर सगळे इंग्रजी.
• दशांश चिन्ह ठळक द्या. नुसतं टेकवलेलं टिंब स्क्रीनवर चुकून लागलेला स्पर्श म्हणूनही सोडून दिलं जाऊ शकतं.
• अर्धा लिहिताना तिरकी रेघ टाळा. एक, तिरकी रेघ आणि दोन यांचे एकशेबारा व्हायला वेळ लागत नाही.

शेवटच्या दोन अडचणींवर आपल्या भाषेत सुंदर उपाय आहे: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. 'अडीच मिलिग्रॅम' असं अक्षरात लिहिलं असतं तर माझं टिंब गळायला जागाच नव्हती. चेकवर आणि पावतीवर आकड्याखाली 'अक्षरी रुपये' लिहायची पद्धत उगाच पडलेली नाही. एकट्या आकड्यावर व्यवहार सोडायचा नसतो, हे मुनीमजींना यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मी आता महत्त्वाचा प्रत्येक आकडा दोनदा लिहितो, एकदा अंकात आणि एकदा अक्षरात. दोन्ही एकाच वेळी, एकाच तऱ्हेने चुकणं जवळजवळ अशक्य आहे.

बदलल्यावर तपासायचं कसं?

एक साधा हिशोब करू. समजा ॲप शंभरातली अठ्ठ्याण्णव अक्षरं बरोबर ओळखतं. ऐकायला भारी वाटतं. पण एका पानावर हजार अक्षरं असतील तर वीस चुका उरतात. मीटिंगच्या नोट्समध्ये त्या चालून जातील. औषधांच्या यादीत किंवा जमिनीच्या मोजणीत एकही चालणार नाही.

सगळं पान शब्दन्‌शब्द तपासायला वेळ नसतो, हे मलाही मान्य आहे. म्हणून मी या क्रमाने बघतो:

१. सगळे आकडे. डावीकडे हस्ताक्षर, उजवीकडे टाइप केलेलं. एकेका आकड्यावर बोट ठेवून.
२. सगळी नावं. माणसं, गावं, औषधं.
३. 'नाही', 'नको', 'न' हे शब्द. 'गोळी बंद न करणे' यातला 'न' गळला तर वाक्य बिनचूक दिसतं आणि अर्थ उलटा होतो.
४. तारीख आणि वार. शक्यतो दोन्ही लिहा, म्हणजे एकमेकांची साक्ष देतात.

आणि मजकूर दुसऱ्या कुणाला पाठवायचा असेल तर त्यासोबत मूळ पानाचा फोटोही पाठवा. वहिनीकडे त्या दिवशी मूळ पान असतं, तर तिला फोन करावाच लागला नसता आणि चाराचा आठ तिनेच पकडला असता.

तुमचं लिखाण जातं कुठे?

काही ॲप्स ओळखीचं काम तुमच्या उपकरणावरच करतात, काही लिखाण कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. अंदाज घ्यायची सोपी युक्ती म्हणजे एअरप्लेन मोड चालू करून, वायफाय बंद असल्याची खात्री करून एक ओळ बदलून बघा. बदलली, तर ते काम उपकरणावर होऊ शकतं. नाही बदलली, तर लिखाण बाहेर जातंय असं समजून चाला. तरीही पान नंतर क्लाउडवर सिंक होतं का, हे सेटिंगमध्ये वेगळं बघावं लागतं. आजारपण, बँकेचे तपशील, ऑफिसची गुपितं लिहिण्याआधी एवढं जरूर करा. पासवर्ड तर नोट्समध्ये लिहूच नका, ना पेनने ना टाइप करून.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कागदाच्या वहीवर लिहिलेलं बदलता येतं का?
येतं. गूगल लेन्सने फोटो काढून मजकूर निवडता आणि कॉपी करता येतो. सरळ वरून, सावली न पडता फोटो काढा. पण वर सांगितलेल्या कारणामुळे टॅबलेटवरच्या डिजिटल इंकइतकी अचूकता धरू नका.

माझं अक्षर खूप वाईट आहे. उपयोग होईल का?
वाईट अक्षरापेक्षा दर वेळी बदलणारं अक्षर जास्त त्रास देतं. तुमचा 'र' नेहमी एकसारखाच वाकडा असेल तर वाचणाऱ्याचं काम सोपं होतं. थोडं मोठं आणि थोडं सावकाश लिहा, फरक जाणवेल.

महागडं पेन घेतलं तर अचूकता वाढते का?
ओळख पेन करत नाही, ॲप करतं. मात्र चांगल्या पेनने रेघ तुटत नाही आणि तळहाताचे स्पर्श लागत नाहीत, एवढा फायदा मिळतो.

सगळ्या जुन्या नोट्स बदलून ठेवू का?
नको. ज्या ईमेलने पाठवायच्या आहेत, ज्यांचा रिपोर्ट करायचा आहे, तेवढ्याच बदला. बाकीच्या हस्ताक्षरात असू द्या आणि पानांना टाइप केलेली शीर्षकं द्या. शोधायला तेवढं पुरतं.

थोडक्यात

ही सोय वापरा, जरूर वापरा. मीही रोज वापरतो. फक्त बदलण्याआधी भाषा तपासा, प्रत ठेवा, आकडे अक्षरी लिहा आणि मूळ हस्ताक्षर कधीही पुसू नका.

आमच्या घरी आता बाबांच्या गोळ्यांची नोट ग्रुपवर येते ती अशी: वर माझ्या अक्षरातल्या पानाचा फोटो, खाली टाइप केलेला मजकूर, आणि त्यात 'रोज २.५ मि.ग्रॅ. (अक्षरी: अडीच, म्हणजे अर्धी गोळी)'. वहिनी दोन्ही ताडून बघते आणि मगच 'ओके' लिहिते. तो 'ओके' आल्याशिवाय मी टॅबलेट बंद करत नाही.